जुळे सोलापूर आणि आसपास मुलांना खेळायला कुठं न्यावं : आम्ही फिरून बघितलेल्या जागा

सोलापुरात मुलांसाठी खेळायची जागा शोधताय ना, मग खेळणी किती आहेत ते नंतर बघा, आधी सावली कुठं पडते ते बघा. दुसरं म्हणजे झोक्याखाली आणि घसरगुंडीखाली काय आहे ते बघा, माती, वाळू, फरशी का पेव्हर ब्लॉक. ह्या दोन गोष्टी बरोबर असतील तर एक झोका आणि एक घसरगुंडी असली तरी पोरं दोन तास हलत नाहीत, आणि ह्या दोन गोष्टी चुकल्या असतील तर लाखो रुपयांची रंगीत खेळणी असून पण काही उपयोग नाही. मला एक तिसरीतला मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी आहे, सोबत बऱ्याचदा सासूबाई असतात, त्यामुळं मी जागा बघताना तिघांचा विचार करून बघते. पळणाऱ्याचा, पडणारीचा आणि बसणाऱ्यांचा.

सावलीचं आधी सांगते कारण आपल्याकडं निम्मं वर्ष प्रश्न तोच आहे. मार्च लागला की चार-साडेचारला लोखंडी घसरगुंडी तव्यासारखी तापलेली असते. लोकांना वाटतं प्लास्टिकची असली की झालं, पण गडद रंगाची प्लास्टिकची घसरगुंडी पण उन्हात भाजण्याइतकी तापते, आणि खाली ते काळं-लाल रबर टाकलेलं असतं ते तर चप्पल काढून उभं राहून बघा म्हणजे कळेल. लहान मुलांची कातडी पातळ असते आणि दोन वर्षांचं मूल गरम लागलं म्हणून पटकन उठत पण नाही, तिथंच बसून रडतं. म्हणून मी सरळ हाताची मागची बाजू घसरगुंडीवर ठेवते, पाच सेकंद ठेवता आली तरच मुलीला वर चढू देते. घसरगुंडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पण बघा. पश्चिमेकडं तोंड असलेली असेल तर आपण ज्या वेळेला जातो नेमक्या त्याच वेळेला तिच्यावर ऊन असतं, उत्तरेकडं तोंड असलेली किंवा झाडाखालची सगळ्यात चांगली. बसवणाऱ्यानं एवढं एक बघितलं तरी खूप झालं, त्याला पैसे जास्त लागत नाहीत.

आता खालच्या जमिनीचं. मुलं पडणारच, पडू द्यायचीच असतात, प्रश्न कशावर पडतात हा आहे. अमेरिकेच्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाची सार्वजनिक मैदानांसाठी एक पुस्तिका आहे, त्यात सरळ लिहिलंय की काँक्रीट आणि डांबर तर नाहीच नाही पण नुसती माती आणि गवत पण खेळण्यांखाली पुरेसं नाही. वाळू किंवा लाकडाचे बारीक तुकडे असं सुटं काहीतरी किमान नऊ इंच जाड पाहिजे, आणि खेळण्याच्या चारी बाजूला सहा फुटांपर्यंत पाहिजे. झोक्याला तर पुढं-मागं अजून जास्त, झोका जिथं टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी सोडायला सांगितलीय. आपल्याकडं उलटं, जागा सजवायची म्हणून झोक्याखाली पेव्हर ब्लॉक बसवतात, दिसायला एकदम स्वच्छ वाटतं, फोटो छान येतो, आणि पोरगं डोक्यावर पडलं की मग सगळे दवाखान्यात. बरं आपली काळी माती पण कामाची नाही, उन्हाळ्यात दगडागत कडक होते आणि भेगा पडतात, सप्टेंबरात आपला खरा पाऊस सुरू झाला की चपलेला किलोभर चिकटते. मुरूम टाकला तर पाणी थांबत नाही पण गुडघे सोलून निघतात. त्यामुळं वाळू. वाळूला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत झालंय.

आणि ह्याच कारणानं आम्हाला सगळ्यात आवडलेली जागा कुठलीही मोठी बाग नाहीये, जुळे सोलापुरातल्या एका लेआउटची ओपन स्पेस आहे, म्हणजे प्लॉट पाडताना मोकळी सोडलेली जागा. विजापूर रोडकडून आत आलं की दोन-तीन गल्ल्या सोडून. बोर्ड नाही, गेटवर कमान नाही, कारंजं नाही, बाहेरून बघितलं तर कोणी थांबणार पण नाही. पण आत कडुलिंबाची चार मोठी झाडं आहेत आणि ज्यानं कोणी खेळणी बसवली त्या माणसाला माझा नमस्कार, त्यानं घसरगुंडी आणि दोन्ही झोके बरोबर झाडांच्या पूर्वेला घेतलेत, म्हणजे दुपारी तीन-साडेतीननंतर सगळं सावलीत येतं. एप्रिलमध्ये बाकी सगळीकडं सहा वाजल्याशिवाय मुलांना सोडता येत नाही, इथं पाचला सोडता येतं. तो एक तास आईसाठी केवढा असतो ते आईलाच माहीत, कारण सातला अंधार पडायला लागतो आणि नंतर स्वयंपाक, अभ्यास सगळं आहेच.

खाली वाळू आहे आणि चांगली एक फूट खोल आहे, मी काडी घालून बघितलीय. तिथल्या राहणाऱ्यांनी वर्गणी काढून टाकलीय. तिथले एक रिटायर झालेले काका आहेत, ते सांगत होते की पहिल्यांदा स्वस्त पडते म्हणून क्रश सँड टाकली होती, पण त्यात बारीक पावडर असते, पाणी लागलं की घट्ट बसते आणि मग फरशी आणि ती एकच, वर पोरांचे कपडे पांढरे. नंतर धुतलेली जाड नदीची वाळू आणली. आता दर महिन्याला कोणीतरी फावड्यानं उकरून सारखी करतात, कारण झोक्याखाली पाय घासून घासून खड्डा पडतो आणि नेमकी जिथं वाळू पाहिजे तिथली बाजूला सरकते. उकरताना काच, खिळे, मांजरांची घाण पण निघते, तेवढं निघतं. हे काम कोणाला दिसत नाही पण पूर्ण बाग त्याच्यावर उभी आहे.

लहान मुलांसाठी एक वेगळा झोका आहे, पुढून बार असलेला, वेल्डरकडून करून घेतलेला. मोठ्या मुलांच्या झोक्याशेजारी नाही, लांब कोपऱ्यात. हे फार महत्त्वाचं आहे कारण तीन वर्षांचं मूल मधूनच पळत जातं आणि मोठ्या मुलाचा जोरात आलेला झोका थेट तोंडावर बसतो. बसायला पाठ टेकायचे बाक आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळं नुसत्या कट्ट्यावर त्या अर्ध्या तासात कंटाळतात आणि 'चला गं आता घरी' सुरू होतं, इथं मात्र त्यांच्या दोन मैत्रिणी झाल्यात आणि आता त्याच मला चारपासून विचारतात की निघायचं का. मुलं तर सगळ्या भाषांची, घरात तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, हिंदी-उर्दू बोलणारी, मैदानात सगळी मिळून आपली सोलापुरी बोलतात, माझा मुलगा घरी येऊन 'आई, मी खेळूलालोय ना अजून' म्हणतो आणि माझे माहेरचे लोक पुण्याचे, ते हसतात पण मला ते ऐकायला फार गोड वाटतं.

कमी काय आहे ते पण लिहिते. संडास-बाथरूम नाही, त्यामुळं मुलीला घरीच बाथरूमला नेऊन आणून मगच निघायचं. पाण्याचा नळ आहे पण आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं तर बागेच्या नळाला कुठून येणार, बाटली न्यायचीच. दिवा एकच आहे. जून लागला की निंबोळ्या पडतात, त्यावरून पाय घसरतो आणि मुंगळे येतात. आणि कॉलेजची मुलं क्रिकेटला यायची त्यांचा त्रास होता, सीझन बॉल नव्हता तरी रबरी बॉल पण लागतोच की, पण काकांनी त्या मुलांशी बसून वेळ ठरवून घेतली, सकाळी आणि रात्री सात नंतर त्यांची, पाच ते सात बारक्यांची. भांडण न करता झालं. मुलं चांगली आहेत, कधी कधी तीच वाळू ओढायला मदत करतात.

तुमच्या भागात अशी जागा असण्याची बरीच शक्यता आहे, ती शोधा. एकरभर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट मंजूर होताना साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तो नियमच आहे, म्हणजे जुळे सोलापूर, होटगी रोड, आसरा चौकाच्या पलीकडं जे काही लेआउट पडले त्यात कागदावर तरी एकेक ओपन स्पेस असायला पाहिजे. कुठं तिथं काटेरी बाभळी वाढल्यात, कुठं कोणाची वाळू-खडी पडलीय, कुठं चारचाकी लागतात. मोबाईलवर नकाशा सॅटेलाईट करून बघितला की घरांच्या मध्ये चौकोनी रिकामा तुकडा लगेच दिसतो, मी असंच शोधलं. मग चालत जाऊन संध्याकाळी पाचला बघायचं, सकाळी बघून उपयोग नाही कारण सावली पूर्ण बदललेली असते.

एका दुसऱ्या बागेचं नाव घेत नाही पण जे बघितलं ते सांगायला पाहिजे. तिथं मुलांच्या खेळण्यांना लागूनच ओपन जिम बसवलंय, ते हातपाय हलवायचे लोखंडी मशीन. चांगली गोष्ट आहे, बायका सकाळी करतात, पण ती मशिनं मोठ्या माणसांच्या मापाची असतात आणि मुलांना ती झोक्यापेक्षा जास्त आवडतात. एकजण वर उभा राहून जोरात पाय हलवतो आणि दुसरा खाली बोटं घालतो. आमच्या समोर एका मुलाची बोटं चेंगरली, नशीब चांगलं म्हणून नुसती निळी झाली. दोन्हीमध्ये जाळी किंवा मेंदीचं कुंपण तरी पाहिजे. त्याच बागेत घसरगुंडीच्या वर जो कठडा आहे त्याच्या दोन बारमध्ये एवढी फट आहे की लहान मुलाचं अंग पलीकडं जातं आणि डोकं अडकतं. साडेतीन इंच ते नऊ इंच ही फट धोक्याची समजतात, त्याच्यापेक्षा लहान पाहिजे नाहीतर मोठी. आपली मूठ हे सोपं माप आहे, मुठीएवढी फट चालते, त्याहून मोठी दिसली की मी टेपनं मोजते. टेप कायम पर्समध्ये असते, लोक बघतात, बघू देत.

किल्ला. भुईकोट किल्ला मुलांना घेऊन नक्की जा पण ते झोके-घसरगुंडीसाठी नाही. झाडं आहेत, जुने बुरुज आहेत, एवढी मोकळी जागा गावाच्या अगदी मध्यात दुसरीकडं कुठं मिळणार, आणि तटावरून सिद्धेश्वर तलाव आणि मध्ये देऊळ दिसतं. बहामनी काळातला किल्ला म्हणजे किती जुना हे विचारून विचारून माझ्या मुलानं मला हैराण केलं, चौदाव्या शतकातला म्हणजे सहाशे वर्षांपेक्षा जास्त, मग आज्जीच्या आज्जीची आज्जी होती का तेव्हा, असं बराच वेळ चाललं. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना ही जागा फार चांगली आहे, पळायला, लपाछपीला, चढायला. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मात्र तटाकडं जाताना हात सोडायचा नाही, जुनं बांधकाम आहे, कठडे सगळीकडं नाहीत. उन्हं उतरायला लागली की जायचं आणि अंधाराआधी बाहेर पडायचं. शेजारी हुतात्मा बाग आहे, पार्क चौकातून लागूनच. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, त्यांची नावं मुलांना तिथं उभं राहून सांगता येतात, मी सांगते, आणि मुलं खरंच गप्प बसून ऐकतात. नंतर पार्कवर गाड्यांवर खाऊन घरी. रविवारी गर्दी फार, गाडी लावायला जागा मिळत नाही, शक्यतो मंगळवार-बुधवार बघा.

विजापूर रोडवर राहणाऱ्यांना धर्मवीर संभाजी तलाव जवळ पडतो, जुने लोक कंबर तलावच म्हणतात. तिथं वनखात्याचं स्मृती उद्यान आहे आणि रोडनं अजून पुढं सिद्धेश्वर वनविहार. ह्या जागा पहाटेच्या, सात वाजायच्या आत. हिवाळ्यात तलावावर पक्षी येतात, मुलाला शाळेतून पक्ष्यांची वही करायला दिली होती तेव्हा तिथूनच भरली. झाडी भरपूर, सावलीचा प्रश्नच नाही, पण झोक्याच्या आशेनं मुलाला घेऊन गेलात तर तो नाराज होईल, आधीच सांगून न्या की आज चालायचं आणि बघायचंय. पाण्याजवळ लहान मुलांवर डोळा ठेवायला एक मोठं माणूस फक्त त्यासाठीच पाहिजे, मोबाईल खिशात.

होम मैदानाबद्दल काय लिहायचं, सोलापूरकरांना सांगायला नको. जानेवारीत संक्रांतीच्या यात्रेत गड्डा, म्हणजे आपली जत्रा, भरतो तेव्हा पाळणे, रेल्वे, मौत का कुआं, सगळं तिथंच, आणि मुलं वर्षभर त्याची वाट बघतात. लहान मुलांना मी फक्त खालचे, हळू फिरणारे पाळणे देते, बसायच्या आधी कडी लागते का ते स्वतः लावून बघते आणि शोभेचं दारूकाम असतं त्या दिवशी मुलीला नेत नाही, आवाजानं घाबरते. बाकी दिवसांत मोकळं मैदान म्हणून सायकल शिकवायला चांगलं आहे.

पैसे देऊन आत जायच्या एसी प्ले झोनमध्ये पण आम्ही जाऊन आलो. मे महिन्यात दुपारी पर्याय नसतो, मी नाही म्हणणार नाही, बॉल पूल, जाळी, मऊ गाद्या, पडलं तरी लागत नाही. पण तासाचे पैसे असल्यामुळं मुलांपेक्षा आपलंच लक्ष घड्याळाकडं राहतं, वर मोजे विकत घ्यायला लावतात, आणि गाण्याचा आवाज एवढा असतो की मूल रडलं तर ऐकू येत नाही. एका ठिकाणी मी बॉल कधी धुता विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. जायचंच असेल तर सुट्टीचा दिवस सोडून, उघडल्या उघडल्या जा. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास आणि पाच वर्षांपुढच्यांना रोज सरासरी एक तास तरी हालचाल पाहिजे म्हणते, ते असं तासाला पैसे मोजून कुठल्या घराला परवडणार आहे, म्हणून गल्लीतली जागाच लागते.

अजून एक, हे सगळ्या बागांमध्ये दिसतं म्हणून लिहिते. बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येऊ नका. आपण सगळे प्रेमानंच करतो, पण बाळाच्या चपलेचा रबर कडेला अडकतो, पाय तिथंच थांबतो आणि आपलं पूर्ण वजन घेऊन आपण खाली जातो, नडगीचं हाड मोडतं. हाडांच्या डॉक्टरांना ह्या केसेस चांगल्या माहीत असतात. मूल एकटं बसू शकत असेल तर लहान घसरगुंडीवर बसवा आणि शेजारी उभं राहा, नसेल बसत तर अजून वर्षभर थांबा.

पावसात काळ्या मातीच्या जागा आठ-आठ दिवस बंद समजा. वाळूची जागा पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासात खेळण्यासारखी होते, फक्त घसरगुंडी पुसायला एक जुना टॉवेल न्या, आणि झोक्याच्या साखळीची वरची कडी हलवून बघा, गंजून पातळ झालेली कडी पावसाळ्यातच तुटते. आमच्या तिथली एक कडी अशीच सापडली, काकांनी त्याच दिवशी झोका वर बांधून टाकला आणि दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावलं, तोवर पोरं रांगेत दुसऱ्या झोक्यावर.